खुंटाचे देणे

'कलम' हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला आणि मराठीने त्याला तीन घरी नांदायला पाठवले. लिहिणाऱ्याच्या हाती ती लेखणी झाली, कायद्याच्या पुस्तकात तो परिच्छेद झाला, आणि बागाईतदाराच्या हाती एका झाडाची काडी दुसऱ्यावर बांधून उभे केलेले झाड झाले. तिन्ही घरी त्याला मान आहे. या झाडाचा जो खालचा अर्धा भाग, त्याच्या नावाला मात्र असा मान कधी लाभला नाही. त्याला म्हणतात खुंट. खुंट म्हणजे तोडून उरलेला बुंधा. वाढ थांबली की ती 'खुंटली' असे आपण म्हणतो. ज्याच्या मुळांवर सगळे झाड उभे, त्याला भाषेने नाव दिले तेही थांबण्याचे.

रोपवाटिकेत गेलेला माणूस विचारतो, "हापूस आहे का? केसर आहे का?" कलम कशावर बांधले आहे, हे विचारणारा विरळा. पाटीवर, पावतीवर, पेटीवर नाव असते ते काडीचे. यात गैर काही नाही, कारण फळ काडीचेच येते. जोडाच्या वर हापूस असेल तर फळ हापूसच लागणार, खाली कोणतेही रोप असो. खालचे रोप बहुतेक वेळा रायवळ असते. कोकणात आणि देशावर या रायवळ आंब्यांनाही गोटी, शेपू, खोबऱ्या अशी नावे असतात. आमच्या गुजरातेत त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द, देशी. पण कोय रुजून तिच्यावर काडी बांधली, की हेही नाव गळते आणि उरतो तो केवळ खुंट.

या बिननावाच्या भागाकडे आमचे लक्ष जाण्यास कारण झाली ती आमची गणदेवी तालुक्यातील वाडी. आम्ही बडोद्यात वाढलेली चौथी पिढी. पणजोबा बडोदे सरकारच्या महसूल खात्यात होते. संस्थानच्या नवसारी प्रांतात बदली झाली तेव्हा त्यांनी खाडीपासून फार दूर नसलेली ही लहानशी वाडी घेतली आणि रत्नागिरीकडून हापूसची सहा भेटकलमे आणवली. कुंड्यांतली ती कलमे बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने बिलिमोऱ्याला आली, ही हकिकत आमच्या घरी रामायणातल्या एखाद्या कांडासारखी सांगितली जाई. पुढे १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, कूळकायद्यात भाताची जमीन कसणाऱ्यांकडे गेली, १९६० साली गुजरात वेगळे झाले. वाडी जिथल्या तिथे राहिली. आम्ही मे महिन्यात जाणारे आणि जूनमध्ये परतणारे. उरलेले दहा महिने ती ज्यांच्या हाती होती ते हळपती कुटुंब आज तिसऱ्या पिढीत आहे.

गेल्या दहाएक वर्षांत वाडीच्या विहिरीचे पाणी मचूळ होत गेले. समुद्राच्या बाजूने खारे पाणी आत सरकते आणि गोड्या पाण्याचा उपसा वाढला की त्याला अडवणारे काही उरत नाही. किनाऱ्याच्या गावांत ही गोष्ट नवी नाही. वाडीतील काही आंब्यांची पाने टोकाकडून तपकिरी होऊ लागली. आधी टोक, मग कडा, मग निम्मे पान. जून पानांवर अधिक, कोवळ्यांवर कमी. जळलेला आणि हिरवा भाग यांच्यामधली रेघ कात्रीने कापल्यासारखी स्पष्ट. झाड मरत नव्हते, पण मोहोर विरळ होत चालला होता.

जळत होती ती नऊ झाडे २००४ सालच्या पावसाळ्यात एका रोपवाटिकेतून आणलेली. त्याच पावसाळ्यात आमच्या राखणदारकाकांनी आपल्या हाताने चार कोयकलमे बांधली होती. काड्या पणजोबांच्या जुन्या हापूसच्या आणि कोयी विहिरीकाठच्या एका देशी आंब्याच्या. तेराही झाडे एकाच ओळीच्या आसपास, एकाच पाटाच्या पाण्यावर वाढलेली. नऊ कडांनी करपत होती आणि चार हिरवी होती. काका आता नाहीत. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे 'बा' म्हणतो. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी हातातले विळी-खापर खाली न ठेवताच सांगितले, "देशीनुं मूळियुं पाणी ओळखे, भाई." देशीचे मूळ पाणी ओळखते.

बांच्या या वाक्याचा शास्त्रीय तर्जुमा करून घेण्यासाठी आम्ही पाने तपासायला दिली. पान तपासणे ही माणसाचे रक्त तपासण्यासारखी रीत आहे. आंब्याची चार ते सात महिन्यांची, फळ नसलेल्या डहाळीच्या मधली पाने घ्यायची, धुऊन, वाळवून, दळून त्यांतील एकेक द्रव्य मोजायचे. निरोगी पक्व पानात वाळल्या वजनाच्या साधारण १ ते १.५ टक्के नत्र असते आणि कॅल्शियम त्याहून अधिक, दोन टक्क्यांच्या वर. इतर पुष्कळ पिकांत नत्राचा क्रमांक पहिला लागतो. आंब्याच्या जून पानात चुना पुढे असतो, हे आम्हाला त्या निमित्ताने प्रथमच कळले.

अहवाल आला. नत्र आणि स्फुरद दोन्ही गटांत जवळजवळ सारखे. लोह, जस्त यांतही सांगण्यासारखा फरक नाही. पण सोडियम आणि क्लोराइड नऊ झाडांच्या पानांत कितीतरी जास्त आणि पालाश त्या मानाने कमी. चार झाडांच्या पानांत मीठ पोहोचलेच नव्हते असे नाही. थोडे पोहोचले होते. कृषितज्ज्ञांनी आम्हाला बजावले की चार-नऊ झाडांवरून सिद्धान्त मांडू नका. काड्या वेगळ्या मातृवृक्षांच्या आहेत, मातीचा पोत दहा पावलांवर बदलतो. ते आम्ही शिरसावंद्य मानले. मात्र जे दिसले ते इतर ठिकाणच्या प्रयोगांशी जुळणारे आहे, हेही त्यांनीच सांगितले.

खुंट बदलला की पान का बदलावे? पान वर आहे आणि ते हापूसचे आहे. तरी पानाला जे मिळते ते मुळातून येते, आणि मूळ म्हणजे केवळ नळी नव्हे. मातीच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी कोणता आत घ्यायचा, किती घ्यायचा, घेतलेला वर पाठवायचा की मुळातच आणि बुंध्यातच अडवून ठेवायचा, हे मुळाच्या पेशी ठरवतात. सोडियम आणि पालाश हे दोघे एकमेकांशी इतके सारखे वागतात की काही मुळांना त्यांतला फरक चांगला कळतो, काहींना कमी. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते अशा रूपात असते की मुळाने आपल्याभोवतीची माती थोडी आंबट केल्याखेरीज ते हाती लागत नाही. ज्या खुंटाला हे जमते त्याची कोवळी पाने हिरवी राहतात. ज्याला जमत नाही त्याच्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा होतो. शिवाय मुळांचा पसारा, त्यांची खोली, त्यांच्याभोवती नांदणाऱ्या बुरशा, पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची जाडी, हे सारे खुंटागणिक निराळे. जोमदार खुंटावर पालवी इतकी फुटते की तीच अन्नद्रव्ये अधिक पानांत वाटली जाऊन दर पानी कमी भरतात, असेही होते. म्हणून पानाचा आकडा वाचताना झाडाचा घेरही पाहावा लागतो.

हे ओळखून काही देशांनी खुंटाला नाव दिले आहे. इस्राएलमध्ये खारट पाणी आणि चुनखडीची जमीन या दोन्हींशी जुळवून घेणारा एक खुंट निवडला गेला. तो '१३-१' या आकड्यानेच ओळखला जातो. त्याच्यावर बांधलेल्या कलमाच्या पानांपर्यंत मीठ कमी पोहोचते. दक्षिण आफ्रिकेत 'सेबर', कॅनरी बेटांत 'गोमेरा-१' असे खुंट रूढ आहेत. आपल्याकडेही केरळचा 'कुरुक्कन' खारेपणा सोसणारा म्हणून प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत 'कुरुक्कन', 'ओलूर', 'के-५' अशा खुंटांवर आम्रपालीसारख्या जाती बांधून पाहिल्या गेल्या, तेव्हा खुंटाप्रमाणे झाडाची वाढ, उत्पन्न आणि पानांतील अन्नद्रव्ये बदलतात असे आढळले. तरीही आपल्या बहुसंख्य रोपवाटिकांत आजही मिळेल ती कोय लावली जाते. रस काढण्याच्या कारखान्यांतून कोयींच्या गोण्या निघतात, त्या रुजवल्या जातात आणि कोणत्या झाडाची कोय कोणती, हे कुणालाच ठाऊक नसते.

यात आणखी एक अडचण कोयीच्या पोटातच आहे. हापूस, केसर आणि आपल्याकडचे बहुतेक आंबे एकभ्रूणी. त्यांच्या कोयीतून एकच रोप येते आणि ते परागीकरणातून जन्मलेले असल्याने आईसारखे असेलच असे नाही. पश्चिम किनाऱ्याच्या 'ओलूर', 'बाप्पकाई', 'चंद्रकरण' अशा जाती बहुभ्रूणी आहेत. एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतील बरीचशी हुबेहूब आईसारखी असतात. म्हणूनच नाव देता येईल असा खुंट निवडायचा तर तज्ज्ञ बहुभ्रूणी जातीकडे वळतात. रायवळ कोयींवर बांधलेल्या बागेत वरून पाहिले तर शंभर झाडे एकाच नावाची, आणि जमिनीखाली शंभर अनोळखी माणसे. एकाच खताचा हप्ता सगळ्यांना घातला तरी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन हापूसांची पाने वेगळी निघतात, त्याचे एक कारण हे आहे.

अर्थात खुंट सर्वशक्तिमान नाही. मातीचा वाटा मोठाच. रत्नागिरीचा जांभा आंबट, धो धो पावसाने धुतलेला, चुन्याला गरीब. गणदेवीची काळी जमीन खोल, चिकण, चुन्याने संपन्न. रत्नागिरीच्या हापूसने आमच्याकडे येऊन पानात अधिक कॅल्शियम साठवले असेल तर त्याचे श्रेय आधी जमिनीला. आणि पानात साठलेले कॅल्शियम फळाला मिळतेच असे नाही, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर चालते आणि प्रवाह जातो तो अधिक बाष्प सोडणाऱ्या पानांकडे. हापूसच्या गरात होणाऱ्या साक्याची कारणे अनेक सांगितली जातात. फळातील कॅल्शियमची उणीव हे त्यांतील एक. पान तृप्त आणि फळ उपाशी, असेही एकाच फांदीवर घडते.

हे सगळे वाचता-ऐकताना आम्हाला आपल्या एका जुन्या सवयीची आठवण होत राहिली. आपल्यासारख्या घराण्यांना, मग ती बडोद्याची असोत, इंदूर-ग्वाल्हेरची असोत की हैदराबादची, एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमचे मूळ गाव कोणते?" आम्ही आजवर 'राजापूर' असे सांगत आलो. राजापुरात आमचे आता घर नाही, शेत नाही. कुलदैवताच्या निमित्ताने पाच-सात वर्षांनी एक फेरी होते. तरी मूळ तिथले. बागाईतदाराच्या भाषेत पाहिले तर हा शब्दच उलटा बसला आहे. राजापुराहून आली ती काडी. आडनाव, कुळाचार, भाषा, पुरणपोळीचे सारण, गणपतीची आरती हे सारे काडीचे, आणि ते काडीचेच राहिले. मूळ मात्र इथले आहे. पणजोबांना गुजराती वहीखाते शिकवणारे कारकून, आजीच्या बाळंतपणात रात्रभर बसून राहिलेली शेजारीण, आमच्या वडिलांना सायकल उधार देणारा मांडवीतला दुकानदार, यांच्यामधून जे शोषले ते आमच्या पानापानात आहे. आमच्या बोलण्यात 'चालेल' ऐवजी 'चालशे' कधी निसटते, आमटीत गूळ जरा जास्त पडतो, भांडणात आवाज चढण्याआधी हिशेब मांडला जातो, हे फळाच्या नावात दिसत नाही. पान तपासले तर सापडेल.

मराठीपण टिकले याचा अभिमान आपल्या मंडळांतून नेहमी बोलून दाखवला जातो आणि तो रास्त आहे. हापूस दीडशे कोसांवर येऊन हापूस राहिला, ही काडीची निष्ठा आहे. मात्र ती निष्ठा जिवंत ठेवण्याचा खर्च रोज कोण उचलत होते, ही नोंद आपल्या कुलवृत्तान्तांत नाही. आमच्या घरच्या वंशावळीच्या छापील पुस्तकात रत्नागिरीच्या सहा कलमांचा उल्लेख आहे. ती कुंड्यांतून उतरवून ज्यांनी लावली, तीन पिढ्या पाणी दिले, आणि ज्यांच्या हाताने त्यांच्या काड्या पुढच्या रोपांवर चढल्या, त्यांच्याविषयी एक ओळ नाही.

हा विचार आमच्या घरात केवळ विचार राहिला नाही. चुलत भावंडांत वाडीच्या वाटणीची बोलणी चालू आहेत. विहिरीकाठचा तो देशी आंबा ज्या कोपऱ्यात आहे तिथे एका भावाला मे महिन्यासाठी दोन खोल्यांचे घर बांधायचे आहे. त्याचे म्हणणे सरळ आहे. झाड जुने, फळ लहान, रेषाळ आणि आंबट. बाजारात त्याला भाव नाही, लोणच्यापुरते लोक फुकट नेतात. लाकडाचे मात्र चार पैसे येतील. वहिनींनी विचारले, "या झाडाचे आजवर आपल्याला उत्पन्न तरी काय?" वाडीच्या हिशेबाच्या वह्या आम्ही काढून पाहिल्या. त्या झाडाच्या नावावर खरोखरच एक रुपयाही जमा नाही. जी चार हिरवी कलमे उभी आहेत त्यांचे उत्पन्न 'हापूस' या खात्यावर जमा आहे.

आम्ही भावंडांपुढे अहवाल ठेवला. कोणी तो वाचला, कोणी नुसता चाळला. झाड तोडू नये, यासाठी आम्ही भावनेचे नाव घेतले नाही. एवढेच सांगितले की खारे पाणी मागे हटणारे नाही, नवी झाडे लावावी लागतीलच, आणि ती कशावर लावायची याचे या वाडीपुरते थोडेफार उत्तर ज्याच्यापाशी आहे ते झाड हेच. ते एकभ्रूणी असल्याने त्याची प्रत्येक कोय त्याच्यासारखी निघेल असे नाही. म्हणून पुष्कळ कोयी लावाव्या लागतील आणि खाऱ्या पाण्यावर तगतील ती रोपे निवडावी लागतील. त्यासाठी वर्षे लागतील, आणि आई उभी असल्याशिवाय कोयी कुठल्या? दोन भावंडांना पटले, एकाला पटले नाही. तोडण्याचा निर्णय पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबवावा, इतके ठरले. आम्ही आणखी एक मागणी केली: वाटणी होईल तेव्हा बांच्या कुटुंबाच्या राहत्या जागेचा तुकडा आधी त्यांच्या नावे करून द्यावा आणि मग उरलेल्याचे भाग पाडावेत. या मागणीवर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी थोरल्या आत्या म्हणाल्या, "हे माझ्या वडिलांनीच करायला हवे होते. कागद तयार करा, मी पहिली सही करते." त्यांच्यापाठोपाठ आणखी दोन सह्या झाल्या आहेत. दोन व्हायच्या आहेत.

नऊ झाडांसाठी जे करण्यासारखे होते ते चालू आहे. पालाश द्यायचे ते म्युरेटच्या रूपाने देणे बंद केले, कारण त्यातून पुन्हा क्लोराइडच जमिनीत जाते. आता सल्फेटच्या रूपाने देतो. पावसाचे पाणी विहिरीत उतरवण्यासाठी चर खणला आहे. उभ्या झाडाचा खुंट बदलता येत नाही, पण त्याच्या बुंध्याशेजारी देशी रोप लावून ते वाढले की त्याची मान झाडाच्या सालीत बसवता येते, म्हणजे झाडाला जुन्याच्या जोडीला आणखी एक मूळ मिळते. बांचा नातू हे काम आजोबांच्या हाताखाली शिकलेला आहे. त्याने दोन झाडांना अशी रोपे जोडली आहेत.

आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही. वाळली की संपली. म्हणून देशी आंब्याखाली पडलेल्या कोयी आम्ही जूनमध्येच गोळा केल्या, पाण्यात टाकून तरंगल्या त्या काढल्या आणि बुडालेल्या एकशे वीस कोयी वाफ्यात लावल्या. त्यांतल्या ब्याऐंशी रुजल्या. निम्म्या वाफ्याला पावसाळ्यानंतर विहिरीचेच पाणी द्यायचे आणि कोण तगते ते पाहायचे, असे त्या मुलाने ठरवले आहे. प्रत्येक रोपाला त्याने पत्र्याची चिठ्ठी बांधून आकडा दिला आहे. रोज संध्याकाळी तो एका वहीत कोणत्या आकड्याचे पान कसे आहे ते गुजरातीत लिहून ठेवतो.